टेक्केन ३ पुन्हा लावला : मी म्हातारा झालोय की टीव्ही?

सोलापुरी_एडी

मंडळी, प्रश्न शेवटी आहे. आधी रडगाणं ऐकून घ्या.

गणपतीत सोलापूरला गेलो होतो. मखराचे खोके काढायला माळ्यावर चढलो, तर मागे जुन्या चादरीत बांधलेलं एक गाठोडं. आई खालून ओरडली, "ते दादाचं आहे, पाडू नकोस." सोडून बघतो तर आमचा प्लेस्टेशन! टीव्हीला जोडून गेम खेळायचा पहिला, करडा, मोठा डबा. दोन रिमोट (पोरं आता कंट्रोलर म्हणतात, आमच्यासाठी तो रिमोटच), एक मेमरी कार्ड आणि प्लास्टिकच्या पाकिटात टेक्केन ३ ची सीडी. स्टेशनजवळच्या दुकानातली, तीस रुपयांची. वर मार्करने 'टेकन' लिहिलेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : हा मारामारीचा गेम. नामकोने १९९७ ला आधी गेम पार्लरच्या मशीनवर आणला आणि १९९८ ला प्लेस्टेशनवर. आमच्याकडे १९९९ च्या दिवाळीत आला. दादा बारावीला, मी सहावीत. दादाला बारावीला किती पडले हे आई अजूनही या डब्याकडे बघूनच सांगते.

त्या काळी आमच्या घरचा टीव्ही हा गेम काळापांढरा दाखवायचा. त्यावर चित्रपट रंगीत, क्रिकेट रंगीत, टेक्केन मात्र काळापांढरा. शिवाय चित्र वर सरकत राहायचं. मग टीव्हीमागचा एक खुंटा हळूच फिरवून ते थांबवायचं, आणि हे काम कायम माझ्याकडे. गेममधल्या पॉल या खेळाडूचा ड्रेस लाल आहे हे मला सहा महिन्यांनी गेम पार्लरमध्ये कळलं. तोपर्यंत मी त्याला राखाडी पॉलच समजत होतो.

दादा पॉलने खेळायचा. पॉलचा तो एक बुक्का आठवतो ना? खाली, तिरपं, पुढे आणि त्रिकोण. लागला की समोरच्याची लाईफ भसकन खाली. दादा दुसरं काहीच करायचा नाही. मागे सरकायचा, थांबायचा आणि हाणायचा. मी एडी. एडी म्हणजे ब्राझीलचा तो कापोएरावाला, हातावर उलटा होऊन लाथा फिरवतो. त्याला फक्त फुली आणि गोळा बडवत राहायचं. गल्लीत मला 'फुली-गोळा' म्हणायचे. पार्लरमध्ये एडी घेणाऱ्याला मान नव्हता. "बटणं बडवतो साला, येत काय नाही" हे मी दोन वर्षं ऐकलंय. पण मला एडीच जमायचा. पॉल घेतला की बुक्का निघायचाच नाही. दादा म्हणायचा, "तुझा अंगठा हळू आहे." मी मान्य केलं होतं.

तर डबा पुण्याला आणला. बाजारात तीन वायर एचडीएमआयला जोडणारी एक छोटी डबी मिळते, ती आणली आणि ४३ इंची टीव्हीला जोडलं. सुरू झाला! तो आवाज ऐकून बायको आतून बाहेर आली. चित्र इथेही काळंपांढरंच, म्हणजे सगळं आठवणीबरहुकूम. सीडी मात्र डबा उलटा केल्याशिवाय चालत नाही. मेमरी कार्डही चाललं. टाइम अटॅकच्या (कमीत कमी वेळात गेम संपवण्याच्या) यादीत वरपासून खालपर्यंत दादाची तीन अक्षरं.

मुलगी अकरा वर्षांची. तिला एक नंबरचा रिमोट दिला, मी आपला सवयीने दोन नंबरचा घेतला. तिने कधी टेक्केन बघितलेला नाही. तिने शियाओयू घेतली आणि मला ओळीने सात वेळा हरवलं.

मला वाटतं, माझं बटण आणि पडद्यावरचा एडी यांच्यात काहीतरी अंतर पडलंय. दाबतो आत्ता, लाथ निघते मग. मुद्दाम पॉल घेऊन बघितला, बुक्का दहातून एकदा निघतो. समोरच्या किंगने (गेममधला कुस्तीवाला) चौकोन-फुलीची पकड टाकली तर चौकोन दाबून कधीमधी सुटतो. त्रिकोण-गोळ्याची टाकली तर त्रिकोण दाबून सुटता येतं म्हणतात, पण मी आयुष्यात कधी सुटलेलो नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

प्रश्न : हे टीव्हीमुळे, डब्यामुळे, की ३७ वय झाल्यामुळे? तिसरं असेल तर स्पष्ट सांगा, मी डबा परत बांधून ठेवतो.

---

कॅपॅसिटर

वय राहू दे बाजूला. मी अशा डब्यांची दुरुस्ती हौसेने करतो, त्यामुळे एकेक बघू.

काळंपांढरं : डब्याखालचा स्टिकर बघा, नंबर काय आहे? शेवटी २ असेल तर तो युरोपातला, म्हणजे पाल पद्धतीचा (टीव्हीच्या चित्राची युरोपातली आणि आपल्याकडची पद्धत, सेकंदाला ५० चा हिशोब). तुमची तीस रुपयांची सीडी बहुतेक अमेरिकन किंवा जपानी गेमची नक्कल, म्हणजे एनटीएससी, तिकडची चित्राची पद्धत. मोडचिप (नक्कल सीडी चालवू देणारी छोटी चिप) बसवलेली असली की डबा ती सीडी चालवतो आणि सेकंदाला ६० च्या हिशोबाने चित्र पाठवतो. पण रंगाचा संकेत ना धड पाल राहतो ना धड एनटीएससी. टीव्हीला उजेड-अंधार कळतो, रंग कळत नाही. आपल्याकडचे जुने टीव्ही ५० च्या हिशोबाने लावलेले असायचे, म्हणून चित्र वर पळायचं. तुम्ही फिरवत होतात तो व्हर्टिकल होल्डचा खुंटा.

उलटा डबा : सुरुवातीच्या मॉडेलांत लेन्सची गाडी प्लास्टिकच्या रुळावर चालायची आणि शेजारीच पॉवर सप्लाय तापायचा. रूळ झिजला की लेन्स कलते, सीडी वाचता येत नाही. डबा उलटा केला की गाडीचं वजन दुसऱ्या बाजूला पडतं आणि ती जरा सरळ होते. पार्लरवाले म्हणूनच सगळे डबे पालथे ठेवायचे. नंतरच्या मॉडेलांत लेन्स पॉवर सप्लायपासून लांब नेली. तुमचा नंतरचा असेल तर वीस-पंचवीस वर्षांचं वाळलेलं ग्रीस पुसा, नवं अगदी मोहरीएवढं लावा. लेन्स कापसाने हळूच पुसा. स्क्रू पिळून लेझरची ताकद वाढवायचे व्हिडिओ बघू नका, त्याने लेन्स मरते.

कार्ड चाललं यात नवल नाही. त्यात बॅटरी नसतेच, फ्लॅश मेमरी आहे. १२८ किलोबाइट, १५ ब्लॉक. दादांचे विक्रम अजून बरीच वर्षं टिकतील, वाईट वाटून घेऊ नका.

आता मुख्य दुखणं. जुन्या डब्बा टीव्हीत चित्र आलं की तसंच काचेवर मारलं जायचं, मध्ये साठवणं नाही. आजचा टीव्ही आधी चित्र साठवतो, मोठं करतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो. त्यात तुमची ती डबीसुद्धा स्वतःचा वेळ खाते. टेक्केनमध्ये एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एक चित्र, म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद, आणि जिन या खेळाडूचा साधा पहिला ठोसा दहा फ्रेममध्ये येऊन लागतो. टीव्हीने त्यातल्या पाच-सहा खाल्ल्या तर तुम्ही काय बघून अडवणार?

मोजायचं असेल तर फोनवर २४० फ्रेमचं स्लो-मोशन लावा. अंगठा आणि पडदा दोन्ही चौकटीत घ्या. प्रॅक्टिसमध्ये जाऊन एकच बटण दाबा. बटण खाली गेल्यापासून खेळाडूचा खांदा हलेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. एक चित्र म्हणजे चार मिलिसेकंदांहून जरा जास्त. मग टीव्हीचा गेम मोड लावून परत मोजा. जमलं तर भंगारवाल्याकडून एक जुना डब्बा टीव्ही आणा आणि त्यावरही मोजा.

---

स्टुटगार्टकर

कॅपॅसिटर, दंडवत.

एडीभाऊ, तुमचा काळापांढरा टेक्केन खरं तर नशीबवान आहे. मी २०१८ च्या डिसेंबरमध्ये सोनीने काढलेला छोटा प्लेस्टेशन क्लासिक घेतला, वीस गेम आत भरलेले. टेक्केन ३ आहे म्हणूनच घेतला. रंग सुंदर, चित्र स्वच्छ, आणि हात घातला तर सगळे पाण्यात मारामारी करतायत असं वाटलं. नंतर कळलं, आत युरोपचा पाल अवतार घातलाय, म्हणजे ६० ऐवजी ५०. अमेरिकेत विकलेल्या डब्यांतही तोच. लोकांनी तेव्हा बरीच बोंब मारली होती. म्हणजे मला रंग मिळाला आणि वेग गेला, तुमचं उलटं. मी तुमच्या बाजूला.

पीएस२ (दुसरा प्लेस्टेशन) कुणाकडे पडून असेल तर टेक्केन ५ मिळवा. २००५ चा. त्यात पहिल्या तिन्ही टेक्केनचे पार्लरमधले अवतार आत दिलेले आहेत. तिथला टेक्केन ३ बघितला की लक्षात येतं, प्लेस्टेशनवर आणताना मागचे देखावे सपाट चित्रासारखे करावे लागले होते. पण त्या अवतारात गॉन आणि डॉक्टर बॉस्कोनोविच हे खेळाडू नाहीत, आणि चेंडूने खेळायचा टेक्केन बॉल हा प्रकारही नाही. आम्हा भावंडांचा निम्मा टेक्केन म्हणजे बॉल होता, त्यामुळे मी परत काळ्या तबकडीकडेच गेलो.

---

धाकटी

टीव्ही वगैरे सगळं ठीक आहे हो. पण एडीदादा, तुम्ही लिहिलेलं मी दोनदा वाचलं आणि मला एक विचारायचंय.

पॉलचा बुक्का : त्रिकोण. निघत नाही.
न सुटणारी पकड : त्रिकोण. सुटत नाही.
एडी : फुली आणि गोळा. मस्त चालतो.
दोन नंबरचा रिमोट : कायम तुमच्याकडे.

मी तीन भावांत शेवटची. आमच्या नगरच्या वाड्यात मी लिंबूटिंबू. मलाही ठरलेला एकच रिमोट मिळायचा, "हा तुझा, लकी आहे" असं सांगून. त्याचं डावं बटण जायचं नाही. मी चार वर्षं शियाओयूने फक्त उजवीकडे पळत होते आणि सगळे म्हणायचे, हिला मागे सरकून अडवता येत नाही.

बाकी शियाओयू घेऊन सात वेळा हरवलं म्हणजे लेक गुणी आहे. माझ्याकडून शाबासकी सांगा.

टीव्ही मोजाच, पण आधी रिमोट बदलून बघा.

---

निव्वळ_वाचक

धाकटी ताई +१. इथे आम्ही फ्रेम मोजत बसलो आणि गुन्हा घरातच.

(एडी घेणाऱ्याला मान नव्हता हे शंभर टक्के खरं. आमच्या पार्लरमध्ये पाटी होती : 'एडी व टायगर बंद'. टायगर म्हणजे तोच एडी, डिस्को कपड्यांत. मालकाला त्यातला सारखेपणा कळला होता, आम्हाला कळायला वर्ष गेलं.)

---

सोलापुरी_एडी

उशीर झाला, पण सगळं करून आलोय.

डब्याचा नंबर एससीपीएच-७५०२. म्हणजे युरोपचा आणि नंतरचा. वाळलेलं ग्रीस काढलं, मेणासारखं झालं होतं. नवं लावलं. डबा आता सरळ ठेवूनही चालतो. पण मला सरळ ठेवलेला बघवत नाही, काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

टीव्हीचं मोजमाप, एक नंबरच्या रिमोटवर, फुली दाबून. साध्या सेटिंगला ४६ चित्रं. गेम मोड लावल्यावर ३३. मग कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडून २१ इंची डब्बा टीव्ही आणला, चारशे रुपये, घरापर्यंत उचलायला दोन माणसं. त्यावर २०. म्हणजे ४६ वजा २०, चाराने गुणा, शंभराच्या वर मिलिसेकंद नुसते टीव्ही आणि त्या डबीने खाल्ले. डब्बा टीव्हीवर पहिलाच राऊंड खेळलो आणि एडी अंगठ्याला चिकटल्यासारखा हलला. पंचवीस वर्षांत गेम बदलला नव्हता, काच बदलली होती. चित्र काळंपांढरं, वर सरकतंय, मागे खुंटा आहे. लेकीला खुंटा फिरवायला बसवली. तिने विचारलं, हे काम कायम माझंच का?

आता धाकटी ताई, तुमचं.

डब्बा टीव्हीवर एक नंबरच्या रिमोटने पॉल घेतला. खाली, तिरपं, पुढे, त्रिकोण. निघाला. परत केला. निघाला. दहातून आठ वेळा. मी रिमोट खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसलो.

मग दोन नंबरचा. दहातून एक. पण नीट बघितल्यावर लक्षात आलं की त्रिकोणाचं बटण मध्यावर दाबलं तर काहीच होत नाही, वरच्या कडेला नख लावून दाबलं तर लागतं. मागचे स्क्रू काढले. आत हिरवी पट्टी, तिच्यावर प्रत्येक बटणाखाली काळा ठिपका, आणि वरून रबराची टोपी, तिच्या आतही काळी टिकली. टिकली ठिपक्याला टेकली की बटण दाबलं गेलं, एवढंच ते यंत्र. चौकोन, फुली, गोळा, तिघांची टिकली झिजून चमकत होती. त्रिकोणाची कोरी. आणि तिच्याखालच्या ठिपक्यावर काहीतरी पिवळं.

चिमट्याने उचललं. सेलोटेप. वाळून कडक झालेला, गोल तुकडा. कात्रीने कापलेला गोल नाही, पंचिंग मशीनने पाडलेला, अगदी एकसारखा. बाबा तेव्हा कचेरीतून फायली घरी आणायचे आणि पंचिंग मशीन दादाच्या टेबलावरच असायचं. तुकडा जरासा खाली सरकून चिकटलेला होता. वरच्या कडेची जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा उघडी. माझे आयुष्यातले जेवढे बुक्के निघाले ते तेवढ्या जागेतून निघाले.

म्हणजे मी एडीवाला नव्हतोच हो. मला पार्लरमध्ये 'फुली-गोळा' म्हणत होते, ते माझं घराणं नव्हतं, ती नाकेबंदी होती!

दादाला मस्कतला व्हिडिओ कॉल लावला. तुकडा चिमट्यात धरून कॅमेऱ्यासमोर नेला. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तो रिमोट घेतला तेव्हापासूनच तसा होता." मी म्हटलं, दुकानदाराकडे पंचिंग मशीन होतं का? तर म्हणाला, "नेट गेलं वाटतं," आणि हसताना दिसला. नंतर मेसेज आला : 'बारावीचं टेन्शन होतं रे.'

आईला सांगितलं. आई म्हणाली, मला माहीत होतं, मीच त्याला ओरडले होते टेप संपवतो म्हणून. म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

---

कॅपॅसिटर

ठिपक्यावर डिंक उरला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नेलपॉलिश रिमूव्हर नको, काळा थर निघून येईल. ४६ वरून २० हे टीव्हीचं खरं रूप आहे, बघून बरं वाटलं.

कारागिरी मात्र मान्य करायला हवी. नुसता रबर काढून टाकला असता तर तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं असतं. अधूनमधून लागतं म्हणून तर तुम्ही स्वतःच्या अंगठ्यावर संशय घेतलात.

---

धाकटी

मी काल तिन्ही भावांच्या ग्रुपवर हा धागा टाकला. दोघांनी वाचून सोडलाय, उत्तर नाही. तिसऱ्याने नुसता अंगठा दाखवला.

तुकड्याचं काय केलंत? जपून ठेवा.

---

सोलापुरी_एडी

ठेवलाय. अल्कोहोलने पुसून त्रिकोण एकदम साफ झाला, आठवडाभर दोन नंबरच्या रिमोटवर पॉल खेळलो. लेकीला नऊ राऊंड हरवलं, मग तिने खुंटा फिरवायचं बंद केलं.

दादा दिवाळीला येतोय, पाच दिवस. फोनवर म्हणाला, डब्बा टीव्ही सोलापूरला आण, बघू कुणात किती दम आहे. एक नंबरचा रिमोट आता माझा, हे त्याने स्वतःहून कबूल केलंय. दोन नंबरचा त्याला.

जुना तुकडा काही परत चिकटेना, डिंक मेला होता. नवा पाडला. बाबांचं पंचिंग मशीन अजून चालू आहे. या वेळी अगदी मधोमध लावलाय.